माळ्यावरची लक्ष्मी

थाप मारायलाही अभ्यास लागतो! मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे जुन्या काळाबद्दल मी काहीही ठोकून दिलं तरी घरात ते खरंच मानतात. सणाच्या आदल्या दिवशी बायकोने हातात झाडू देऊन "माळा साफ करा" असं फर्मान काढलं, तेव्हा मी मुळीच डगमगलो नाही. सुट्टीची ती दुपार मला पलंगावर घालवायची होती.

"वेडी आहेस का!" मी म्हणालो. "पूजेच्या आदल्या दिवशी लक्ष्मी गुपचूप येते आणि घरातल्या सगळ्यात उंच जागी विसावते. तिथे झाडू फिरवला की ती उठून शेजारी जाते. एका राजाचं राज्य यापायीच बुडालं!"

"कोणत्या राजाचं?"

"बुडालं ना! मग नाव कुठून राहणार?"

सासूबाईंनी लगेच माळ्याला हात जोडले. बायको माझ्याकडे रोखून बघत आत गेली. मी विजयी मुद्रेने ताणून दिली.

जाग आली ती गलक्याने. शेजारच्या काकू आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्याजणी आमच्या माळ्याखाली उभ्या! सासूबाई कथा सांगत होत्या. राजाला आता एक आवडती आणि एक नावडती राणी झाली होती.

"पण देवी वर एकटीच बसते?" काकूंना काळजी पडली.

"छे हो!" बायको पुढे झाली. "घरच्या कर्त्या पुरुषाने संध्याकाळपर्यंत वर सोबतीला बसायचं. उपाशी! राजा बसला नाही, म्हणून तर बुडाला."

"असं कुठे लिहिलंय?" मी ओरडलो.

"तुमचं लिहिलंय तिथेच!"

सगळ्यांसमोर थाप कबूल केली असती तर उरलीसुरली अब्रू गेली असती. मुकाट शिडी चढलो. वर शिंकून शिंकून जीव मेटाकुटीला आला. खालून तळणीचा खमंग वास, वर मी उपाशी! बसायला जागा हवी म्हणून एक खोकं सरकवलं, मग मोडका पंखा, मग जुनी भांडी. झाडू आता निषिद्ध, म्हणून धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. संध्याकाळी उतरलो तेव्हा माळा लख्ख!

"बघा, लक्ष्मीचं तेज!" सासूबाई गहिवरल्या. बायकोने पदर तोंडाला लावला. गहिवरून नव्हे!

त्याच रात्री जिन्यात शेजारचे काका भेटले. भुवयांवर जळमटं, नाक लालबुंद.

"मास्तर, तुम्ही इतिहासाचे," ते चिडून म्हणाले. "ही प्रथा काढली कुठल्या गाढवाने?"

"फार जुनी आहे, काका," मी म्हणालो, आणि कानामागचं जळमट हळूच पुसलं.