स्लॅबवर आलेला समुद्र

देवमन ग्रामपंचायतीत कारकून. गाव शेंदूरजनाघाटच्या अलीकडचं, चारी बाजूंनी संत्र्याचे बगीचे. वरून हुकूम आला, की आठ दिवसांत गावाचा हवामान कृती आराखडा पाठवा. आता आराखडा म्हणजे उन्हात हिंडा, विहिरी मोजा. देवमनचा मेहुणा गोपाल कोकणातल्या एका ग्रामपंचायतीत कारकूनच होता. त्याच्याकडून तयार आराखडा मागवला, गावाचं नाव तेवढं बदललं अन् दिला धाडून. (वाचला नाही. वाचायचीच हौस असती, तर लिहिला नसता का?)

तालुक्याच्या साहेबांनी मात्र पान सात वाचलं अन् ते खूश झाले. समुद्राचं पाणी गावात शिरताच सर्वांनी कारकुनाच्या घराच्या स्लॅबवर जमावे, असं त्यात होतं. शुक्रवारी बारा वाजता सराव पाहायला येतो म्हणाले. समुद्र नाही, हे सांगावं तर नक्कल उघडी पडते. देवमन म्हणाला, या.

इकडं शुक्रवारी सकाळीच त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं स्लॅबवर कुरडया घातल्या. लेक करिश्माच्या लग्नातल्या रुखवताच्या. तीन दिवस गहू भिजवून चीक काढलेला, अन् लग्न आठ दिवसांवर.

"आपल्या गावात समुद्र कुठं हाये?" तिनं विचारलं.

"कागदावर हाये."

"मंग लोकं बी कागदावरच जमवा ना."

देवमननं शपथेवर सांगितलं, की एवढ्या उन्हात चार माणसं येतील अन् कडेनं उभी राहतील. पण चारच आली तर साहेब काय म्हणतील, या भेवानं त्यानंच सकाळी भोंग्यावरून सांगून ठेवलं होतं, की येणाऱ्याले आलुबोंडा मिळेल.

अख्खं गाव चढलं. म्हाताऱ्या चढल्या, लेकरं चढली, शेवटी साहेब. पायाखाली ओल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. दहा मिनिटांत साहेबांनाच ऊन लागलं. रुख्मिणीनं त्यांच्या नाकाला कांदा लावला, कैरीचं पन्हं पाजलं. आराखड्यात उन्हाचा एक शब्द नव्हता. जाताना साहेबांनी देवमनला उत्कृष्ट आराखड्याचं प्रमाणपत्र दिलं.

लग्नात रुखवत मांडलं. कुरडयांच्या रिकाम्या ताटात चौकटीतलं प्रमाणपत्र अन् खाली तो आराखडा. विहीणबाई माणिकबाईंनी उचलून पाहिला.

"हे कोणं केलं?"

"आमच्या मालकानं," रुख्मिणी म्हणाली. "रुखवतात एवढंच तं एक बाहेरून आणलेलं हाये."