चार किलो रेतीचा पंचनामा

दीपमाला अकरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि सेविकाबाई निवृत्त झाल्यापासून शिकवायचीही. पद मात्र मदतनिसाचंच. आता सेविकेची जागा भरायची होती आणि त्यासाठी पर्यवेक्षिका सरस्वतीबाई तिचा एक पाठ बघायला येणार होत्या.

शेगावच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की पोरांच्या हाती एकदम पेन्सिल देऊ नका. ट्रेमध्ये रवा किंवा रेती पसरा आणि बोटानं अक्षर गिरवू द्या. तसं परिपत्रकही निघालं होतं. दीपमालानं आधी रवा पसरला. पोरांनी 'क' गिरवला आणि चाटून टाकला. 'ग' येईपर्यंत ट्रे लख्ख. पोरांची तरी काय चूक? निम्मी उपाशीच येतात. म्हणून पाठाच्या दिवशी सकाळीच ती स्कुटीवर नदीला गेली आणि थैलीभर रेती घेऊन निघाली.

वळणावर रेतीचोरी पकडणाऱ्या पथकाची जीप उभी होती. पथकाच्या नावावर वर्षभरात एकही कारवाई नव्हती आणि त्याबद्दल पथकप्रमुख अर्जुनरावांना कालच वरून झाडलं होतं. त्यांनी थैलीत हात घातला. दीपमालानं परिपत्रक दाखवलं. ते त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"यात रेती वापरा असं लिहेल हाय. नदीतून उचला असं कुठं लिहेल हाय?"

तेवढ्यात रेतीनं भरलेले दोन टिप्पर आले. रस्ता अरुंद, म्हणून अर्जुनरावांनी जीप बाजूला घ्यायला लावली.

"अन् हे काय घेऊन चालले, साहेब?"

"त्यायची चौकशी चालू हाय."

रेती परत नदीत टाकून येते, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, की ती आता रेती नाही, मुद्देमाल आहे.

मुद्देमालाचं वजन हवं. जवळचा काटा एकच, अंगणवाडीतला, पोरांचं वजन करायचा. थैली चार किलो भरली. पोर असतं तर तीव्र कुपोषित म्हणून नोंद झाली असती. मग दोन पंच हवे होते. एकाला धरून ठेवलं. बाकीच्या गावाला एकदम शेतातली कामं आठवली. नेमक्या तेव्हाच सरस्वतीबाई आल्या, अगदी वेळेवर. सरकारी माणूस म्हणून अर्जुनरावांनी त्यांच्यापुढेच कागद धरला. जन्मात बाईंनी कुठल्या कागदाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी सही केली.

थैलीला सील लागलं, जीप गेली आणि पाठ सुरू झाला. पोरं रिकाम्या ट्रेमध्ये बोट फिरवून अक्षरं म्हणत होती, एकही चुकलं नाही. सरस्वतीबाईंनी दीपमालाला बाजूला घेतलं.

"पाठ चांगला घेतला तू. पण गुन्ह्याच्या कागदावर माहीच सही हाय. आता तुह्यं नाव कसं पाठवू मी?"

दीपमालाला रडू आलं नाही, संताप आला. पण खिचडीची वेळ झाली होती.

जागा सरपंच हिंमतरावांच्या सुनेला, समीक्षाला मिळाली. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी अंगणवाडीसमोर अख्खा टिप्पर रेती उतरवली. लोकसहभाग म्हणून त्याचं कौतुक झालं. नारळ अर्जुनरावांनी फोडला.

ट्रे भरणं मदतनिसाचं काम. दीपमाला रोज सकाळी आधी समीक्षापुढे कागद धरते: 'एक ट्रे रेती उचलण्यास परवानगी असावी.' समीक्षाला सुरुवातीला गंमत वाटायची. आता ती न वाचताच सही करते.