उर्दूचं माहेर

दौलतआप्पांना कुणी रामराम घातला, की ते उलट विचारायचे, "रामराम. उर्दू कोठे जल्मनी, सांग बरं?" उत्तर चुकलं की पुढचं बोलणं बंद. एकदा मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हेच विचारलं. बिचारे कपाशीच्या भावाची तयारी करून आले होते.

मी रनाळ्याच्या शाळेत मास्तर, आणि आप्पा माझे शेजारी. त्यांचं म्हणणं असं, की बऱ्हाणपूरकडे निघालेल्या फौजा खानदेशात थांबल्या, शिपाई बाजारात ज्वारी-मिरचीची घासाघीस करू लागले आणि त्यातून उर्दू झाली. शायरीसुद्धा आधी दख्खनेतच. दिल्लीवाले तेव्हा फारसीत उसासे टाकत बसले होते!

हे सगळं नंदुरबारच्या नसीर अत्तारांना अजिबात मान्य नव्हतं; ते म्हणत, उर्दू दिल्लीहून इकडे आली. आप्पांना अलिफ-बे त्यांनीच शिकवलेलं, आणि शिकून झाल्याबरोबर शिष्य गुरूशी भांडू लागला. दर आठवडे बाजाराला अत्तरांच्या कुप्यांसमोर दोघांची जुंपायची. तापले की आप्पा उर्दूत शिरत, "हजरत, दिल्ली तो उसका ससुराल है!" आणि अत्तार अहिराणीत, "चूप बैस! दिल्लीनी छावणीमां जल्मनी ती, लष्करसंगे आठे उनी!" दिल्ली दोघांपैकी कुणीच पाहिली नव्हती.

आप्पा शेरही करत.

"कपास-से खिल गए हैं तेरे आने से हम,
अब चुन ले कोई, उड़ न जाएँ ज़माने से हम."

"कपाशीना शेर दिल्लीमां कोन समजी?" अत्तार म्हणाले.

"म्हनीसन तं सांगस, शायरी आठलीच शे!"

एका थंडीत अत्तार तापाने अंथरुणाला खिळले. हकिमाने आप्पांना बाजूला घेऊन मान हलवली. मीही त्यांच्यासोबत होतो. आप्पा आत जाऊन उशाशी बसले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "नसीर, तुन्हंच खरं. उर्दू दिल्लीनीच शे."

अत्तारांनी खाडकन डोळे उघडले.

"हकीम काय बोलना तुले?"

"काही नही."

"मंग आज कसं मानी लिधं? मी मरी ऱ्हायनू का?"

आप्पांची पाचावर धारण बसली. "तसं नही रे... दिल्लीनी म्हंजे, तठे ती पाहुनी गयेल व्हती..."

"पाहुनी?" अत्तार कोपरावर उठले. मग जे भांडण झालं, तसं मी बाजारातही ऐकलं नव्हतं. त्या दुपारी अत्तारांनी आप्पांचा प्रत्येक मुद्दा खोडला, वर खिमटही मागून खाल्लं. आप्पा हरत होते आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

चार दिवसांनी अत्तार गेले.

पुढच्या बाजारी आप्पा अत्तारांच्या बंद दुकानाच्या फळीवर एकटेच बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. शेजारचा कापडवाला त्यांची समजूत काढायला म्हणाला, "आप्पा, तुमनंच खरं व्हतं. उर्दू आपलीच शे."

आप्पा ताडकन उठले. "कोन म्हनस? दिल्लीनी शे ती! दिल्लीनी छावणीमां जल्मनी!"

कापडवाला गडबडला. माझ्याही तोंडून गेलं, "आप्पा, अहो, हे तर अत्तारांचं म्हणणं!"

"मंग?" आप्पांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "तो नही, तं त्यानाकडथून कोन भांडी, मास्तर?"