कांजिण्यांची सुट्टी

शाळेला कसं गुंडाळायचं हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं क्रेग ओल्डरॉइडचं ठाम मत होतं. बार्न्सली गावात घरोघरी गालिचे बसवणारा माणूस. उंदराच्या रंगाचा गालिचा 'चांदण्याचा' म्हणून खपवायचा.

त्याची बायको लिअ‍ॅन वृद्धाश्रमात कामाला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला सलग आठवडाभर रजा मिळाली, तीही नोव्हेंबरात, शाळा ऐन भरात असताना. परवानगीशिवाय पोरीची शाळा बुडवली तर आईबापांना दंड. आणि फिरायला जायची परवानगी मुख्याध्यापिका पिकरिंगबाई काही केल्या देणार नाहीत.

"मग नको जायला," लिअ‍ॅन म्हणाली.

"तू बॅगा भर. शाळेचं माझ्यावर सोड."

त्यानं शाळेत फोन करून सांगितलं, मार्थाला कांजिण्या आल्यात. आणि तिघं निघाली फायली गावाला, समुद्रकाठच्या भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. आठवडाभर पावसानं नुसतं झोडपलं. लिअ‍ॅन रोज उन्हं डोक्यावर येईतो झोपायची, म्हणजे ऊन असतं तर. सात वर्षांची मार्था बापाला पत्त्यांत हरवत राहिली. एकदा वाळूवर एक सील येऊन पडला आणि भुकेल्या पाहुण्यासारखा त्यांच्या डब्याकडे बघत बसला. तिघं पोट धरधरून हसली.

सोमवारी मार्था शाळेत गेली. मंगळवारी उठली ती अंगभर फोड घेऊन. खऱ्याखुऱ्या कांजिण्या.

क्रेगनं पुन्हा फोन लावला. नेमका पिकरिंगबाईंनीच उचलला.

"मॅडम, मार्था येणार नाही. कांजिण्या आल्यात."

"त्या गेल्या आठवड्यात आल्या होत्या ना?"

"त्या पाठीवरच्या. या पोटावरच्या."

बाई खाकरल्या.

"आणि पाठीवरच्या असताना तिला सील कुठं भेटला? काल तिनं अख्ख्या वर्गाला त्याचा आवाज काढून दाखवला."

क्रेगला आयुष्यात प्रथमच थाप सुचेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. लिअ‍ॅनची रजा, पाऊस, पत्ते, सगळं.

"या आठवड्याचं आजारपण आहे, त्याचं काही नाही," बाई म्हणाल्या. "मागच्याचा दंड होणार. तुम्हाला वेगळा, तुमच्या मिसेसना वेगळा." मग जरा घुटमळून, "आवाज मात्र हुबेहूब काढते हो पोरगी. जपा तिला."

लिअ‍ॅननं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "थाप तू मारलीस. मग दंड मला का?"

क्रेग पायाखालचा गालिचा न्याहाळत राहिला.

"भरू," ती शेवटी म्हणाली आणि हसायला लागली. "किती वर्षांनी इतकी झोपले रे. स्वस्तात पडलं."

मार्था बरी होऊन शाळेत जायला लागली आणि क्रेगच्या अंगावर पुरळ उठलं. लहानपणी त्याला कांजिण्या आल्याच नव्हत्या. शाळेतून आली की मार्था त्याच्या पाठीला मलम लावायला बसायची.

"बाबा, आठवडाभर तू घरीच? म्हणजे सुट्टीच की."

"हळू बोल," क्रेग खाजवत कुजबुजला. "पिकरिंगबाईंना कळलं तर मलाही परवानगी काढायला लावतील."