जरा जास्तीची वायर

सोसायटीच्या वर्धापनदिनाला विनिता की-बोर्ड वाजवणार होती. मागच्या दोन्ही वर्षी तिने आयत्या वेळी नाव मागे घेतलं होतं. यंदाही घाबरले तर ही की-बोर्डची पेटी विकून टाकायची, असं तिने घरात जाहीर केलं होतं.

पेटी जुनी. स्पीकरला जोडायची सोयच नव्हती. म्हणून तिच्या नवऱ्याने, रतनने व्हिडिओ बघून ती उघडली, आतल्या सर्किट बोर्डाला दोन वायरी डकवल्या आणि बाजूला पिन घालायचं भोक केलं. अंतर चार बोटांचं, वायर हातभर.

"अहो, एवढी कशाला?"

"असू दे. पुढेमागे लागते."

पेटी घुंऽऽ करू लागली. रतनने दोष फ्रिजला दिला. पिनेचं भोक फ्रिजपासून लांब, पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. त्यासाठी आणखी वायर जोडली. घुंऽऽ वाढलं. मग त्याने वायरीची छान गुंडाळी करून आत बसवली.

ठाण्यात बाळकुमला, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रंगीत तालीम सुरू झाली. विनिताने पहिला सूर धरला आणि स्पीकरमधून एक भारदस्त आवाज म्हणाला, "भातावरील करपा रोगासाठी शेतकरी बांधवांनी..."

"रेडिओ लागलाय!" सासूबाई मीराबाई खूश झाल्या. "माझा तर कधीचा लागत नाही."

विनिता उठली. "माझं नाव काढा."

घरी येऊन लेकीने, सान्वीने पेटी उघडली. "बाबा, सिग्नलला जायचंय ठाण्याहून मुलुंडला. तुम्ही त्याला टिटवाळा फिरवून आणताय! वाटेत जो भेटेल तो चढणारच ना आत? कापा."

"चांगली वायर आहे गं..."

"कापा!"

रतनने डोळे मिटून कापली. पिनेचं भोक परत बोर्डाशेजारी आलं. घुंऽऽ गेलं, शेतकरी बांधवही गेले. पण विनिताचं काही ठरेना. शेवटी वर्धापनदिनाला सान्वीने तिला हाताला धरूनच क्लबहाऊसमध्ये नेलं.

स्टेजवर विनिताने पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि परत उचलली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मीराबाईंनी विचारलं, "विनिता, करप्यावर काय मारायचं ते राहिलंच की गं!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने विनिता. हसता हसताच तिने सूर धरला, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही.

टाळ्या वाजवायला रतनने खिशातून हात काढला, तर हाताबरोबर वायरीची गुंडाळीही बाहेर आली.

"बाबा!"

"अगं, आजीच्या रेडिओला एरियल म्हणून लावतो," रतन म्हणाला. "त्याला लांबच लागते."