पाळीवरचं मरण

अकरा महिने सुट्टी नव्हती, आणि आता भूपेशची पलटण सरावाला आली ती थेट एकोडीच्या तलावाशी, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण घरी जायला मनाई. त्याच्या गाडीवरचे सुभेदार हिरालाल खुद्द याच भागातल्या नाकाडोंगरीचे, तरी नियमाला असे चिकटलेले की विचारू नका. "सराव म्हंजे लढाई," ते म्हणाले. "लढाईतून कोनी जेवाले घरी जाते काय?"

सराव तसा अजबच. गाडी खरी, चिलखती, पण गोळी एकही नाही. गाडीतलाच संगणक पडद्यावर बाहेरचा खराखुरा तलाव दाखवी आणि त्यात पदरचे खोटे शत्रू पेरी. बटण दाबलं की शत्रू खलास. त्यानं आधी टिपलं तर गाडी मेली, आणि मेलेल्यांनी संध्याकाळपर्यंत सरावाला हात लावायचा नाही.

भूपेशची आई जमुनाबाई हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाप श्यामलाल, त्यानं सकाळीच जाळ्यात मोठी मरळ धरली होती. पोरगा येत नाही तर आपण जाऊ, म्हणून ही माउली डबा घेऊन तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढली. नेमका तेव्हाच पडद्यावर शत्रूचा रणगाडा उगवला, बरोब्बर तिच्या पाठीमागे.

"दाब," हिरालाल म्हणाले.

"साहेब, समोर माय हाये."

"अरे, गोळा खोटा हाये."

"माय त खरी हाये ना."

शत्रूला आई नसावी. त्यानं खुशाल गोळा टाकला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: गाडी नष्ट, सर्व ठार.

दोघं खाली उतरले. काय झालं ते ऐकून जमुनाबाई भडकली. आपल्या धडधाकट पोराला मेला म्हणणारं ते मशीन कुठं आहे, म्हणून ती गाडीतच चढायला निघाली. हिरालालनी घाम पुसत सगळे नियम समजावले. तिनं त्यातला कामाचा तेवढा उचलला.

"म्हंजे आता सांजवरी याचं इथं काई काम नाई?"

नियम तो नियम. "नाई," हिरालाल पडल्या आवाजात म्हणाले.

"त मी याले घरी नेतो. आन् साहेब, तुमी बी त मेलेच ना? चला."

घरी हिरालाल तीन वेळा भात घेऊन जेवले. भूपेश आईशेजारी बसून नुसता हसत होता. अकरा महिन्यांचा शीण एका ताटात उतरला.

दुसऱ्या दिवशी पाळ मोकळी होती. पडद्यावर रणगाडा उगवला आणि भूपेशनं बोट बटणावर ठेवलं.

"थांब न रे," हिरालाल हळूच म्हणाले. "आज घरी काय हाये?"

"झिंगे, साहेब."

हिरालालनी त्याचं बोट अलगद बटणावरून उचललं.