चौदा किलोची गिटार

बारक्याला बँडमधून काढायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. मागच्या कार्यक्रमात तो बेस गिटार घेऊन आला, पण तिची वायर घरी विसरला आणि दोन तास नुसता वाजवल्यासारखं करत उभा राहिला. वाईट याचं की ऐकणाऱ्यांना काही फरक कळला नाही. "आता एक जरी चूक झाली, तर तू तुझ्या घरी," गायकाने बजावलं. आठ वर्षांत त्याला वाजवणं फारसं जमलं नव्हतं, पण या पोरांशिवाय त्याला करमतही नसे.

त्यात स्टुडिओवाल्या काकांनी नवंच खूळ काढलं. आयुष्यभर बोंबलत आलेल्या या बँडकडून त्यांना कंट्री गाणं हवं होतं.

"कंट्री म्हणजे गावाकडचं, संथ, रडकं," काकांनी समजावलं. "बायको सोडून गेली, कुत्रा हरवला, ट्रक बंद पडला, असलं. आणि स्टील गिटार पाहिजे. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती."

"बारक्या आणेल," गायक म्हणाला.

ती काय असते, हे बारक्याला कुठं ठाऊक? पण विचारलं तर तीच चूक धरतील, म्हणून त्याने मान डोलावली आणि थेट मामाचं वर्कशॉप गाठलं. मामा लोखंडी गेट आणि जिन्याचे कठडे बनवायचा. बारक्याच्या लांब केसांवरून घरात सगळे बोलत, मामाने मात्र कधी ब्र काढला नाही. "पोरगं आपल्याच लाइनीत आहे," असं तो कामगारांना कौतुकाने सांगायचा. बारक्याला याचा अर्थ कधी लागला नाही, पण ऐकून बरं वाटायचं.

"स्टीलची गिटार?" मामाने कानामागची पेन्सिल काढली. "स्टील कुठलं घालू, दोनशे दोन नंबरचं की तीनशे चार?"

बारक्याने गायकाला फोन लावला. "दोनशे दोन आणू की तीनशे चार?"

गायकाला वाटलं, मॉडेलचे नंबर असतील. "फरक काय दोन्हीत?"

"तीनशे चारला गंज धरत नाही म्हणे."

"मग तीच आण. हलकी वस्तू नको आपल्याला."

"हलकी नको म्हणतायत," बारक्याने निरोप दिला. मामाने हातातला पत्रा ठेवला आणि जाड प्लेट घेतली.

ठरल्या दिवशी गिटार टेम्पोतून आली. मामा आणि बारक्याने दोन्हीकडून धरून ती आत आणली. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे काय आहे?"

"स्टील गिटार," बारक्या म्हणाला.

"तीनशे चार," मामाने भर घातली.

गायक पुढे सरसावला. "बारक्या, तू आत्ताच्या आत्ता..."

"आधी ऐका तरी," म्हणत मामाने ते धूड बारक्याच्या मांडीवर ठेवलंसुद्धा. आता बारक्याला हाकलायचं म्हटलं तरी तो उठू शकत नव्हता. तारा बोटांनी दबेनात, तेव्हा मामाने खिशातला पाना दिला. पाना तारांवरून सरकला आणि गिटारीने असा काही लांबलचक गळा काढला की काकांचा हात आपोआप रेकॉर्डिंगच्या बटणाकडे गेला. ड्रमवाला तर थक्क होऊन आयुष्यात पहिल्यांदा हळू वाजवू लागला. गाणं संपेपर्यंत कुणीच थांबलं नाही.

"मधेमधे कण्हत कोण होतं?" काकांनी विचारलं.

बारक्याने मान खाली घातली. "मी. चुकून झालं. वजन फार आहे हो."

"सगळ्या गाण्यात तेवढंच खरं वाटतंय," काका म्हणाले. "ते ठेवायचं. बाकीचं बघू."

गायकाने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "ठीक आहे. राहा."

बारक्याला रडू फुटलं. पायांना मुंग्याही आल्या होत्या, त्यामुळे नक्की कशाने रडतोय ते कुणाला कळलं नाही.

"मामा, ही उचल ना आता," तो कसाबसा म्हणाला.

मामाने गिटार एका हाताने उचलली आणि भाच्याकडे काळजीने पाहिलं.

"हे कंट्री का काय ते आजच्यापुरतंच ना? तुमचं नेहमीचं काम काय म्हणाला होतास?"

"हेवी मेटल."

"तेच तर. आठ वर्षं सगळ्यांना सांगत फिरतोय मी, भाचा हेवी मेटलमध्ये आहे म्हणून," मामा म्हणाला. "आणि तुला चौदा किलो उचलवत नाहीत?"